कंगवा नसलेलं घुबड

माझ्या सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात कायम दोन कंगवे असतात. एक पक्ष्यांसाठी, एक स्वतःसाठी. कुठला कोणाचा हे आपल्याला न बघता कळतं, असं ते म्हणतात. सासूबाईंचा यावर काडीचा विश्वास नाही. उभा जन्म संसार केला, पण नवऱ्याच्या कंगव्याला त्यांनी कधी बोट लावलेलं नाही.

मी आणि बाबा, म्हणजे हे सासरे, एकाच ठिकाणी कामाला. संग्रहालयाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून एक खोली आहे, तिथे आम्ही मेलेले पक्षी उभे करतो. लोक म्हणतात, ‘पेंढा भरतात.’ पेंढा कसला डोंबलाचा! आत कापूस असतो, तार असते, कातडीला तुरटी लावलेली असते, आणि माझ्या पाठीचा काटा ढिला झालेला असतो तो वेगळाच. लग्नाआधी मी बाहुल्यांचे डोळे रंगवायचे. सासरी आल्यावर बाबा म्हणाले, ‘पोरी, बाहुल्या सोड, गरुड कर.’ तेव्हापासून डोळे आणि चोची माझ्याकडे, आणि पाय बाबांकडे. पायांना मी हात लावायचा नाही. पक्षी आला की बाबा आधी पाय घेऊन बसतात, कारण पाय लवकर वाळतात आणि मग बोटं उघडत नाहीत. ‘पाय आधी, बाकी सगळं मागाहून,’ हा त्यांचा कायदा.

माणूस भारी टापटिपीचा. पक्षी त्यांच्या हातून गेला की शेपटीचं पीस न् पीस जागच्या जागी, चोच चकचकीत, नखं काचेसारखी गुळगुळीत. मेलेल्याला एवढं नटवणारा माणूस जिवंत माणसांना काय सोडतो? आमच्या ह्यांच्या डोक्याला टक्कल पडलंय, तरी घरातून निघताना बाबा उरलेले चार केस नीट करून देतात.

एक मात्र त्यांच्या मनात फार खोल रुतलेलं होतं. संग्रहालयातल्या प्रत्येक काचेच्या कपाटावर पाटी आहे. पक्ष्याचं नाव, तो कोणी मारला, कोणी भेट दिला, दालनाचं उद्घाटन कोणी केलं, सगळं त्यावर आहे. ज्याने त्या पक्ष्याला पायावर उभं केलं त्याचं नाव कुठेच नाही. तरुणपणी बाबांनी एकदा एका पाणकोळ्याच्या पाटीवर, खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात आपलं नाव घातलं होतं. त्या वेळच्या साहेबांनी ते पाहिलं आणि खरवडून काढायला लावलं. तेही बाबांच्याच हातून. हे मला सासूबाईंनी सांगितलं. बाबा कधी त्याबद्दल बोलले नाहीत, पण त्या कपाटासमोरून जाताना ते पलीकडच्या भिंतीकडे बघत जातात.

तर अशात ती मुलगी आली. विद्यापीठात प्रबंध लिहीत होती. गळ्यात दोरीला भिंग लटकवलेलं, म्हणून पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळे तिला भिंगवाली म्हणू लागले. घुबडांच्या कपाटात डोकं घालून बसायची आणि नुसते पाय बघायची. मला रागच आला. मी इतक्या निगुतीने डोळे रंगवलेत, आणि ही बया बघते काय, तर पाय!

“काय हरवलंय गं तुझं घुबडाच्या पायात?” मी एकदा विचारलंच.

“कंकत, काकू,” ती म्हणाली. “गव्हाणी घुबडाच्या मधल्या बोटाच्या नखाला आतल्या कडेने बारीक दाते असतात. कंगव्यासारखे. त्याने ते तोंडावरची पिसं विंचरतं.”

मग तिला जो काही चेव आला! विंचवाच्या पोटाखाली असे दोन कंगवे असतात, पिसवेच्या गालाला असतो, माशाच्या गळ्यात असतो, पक्ष्याच्या चक्क डोळ्याच्या आत असतो. निसर्गाला कंगव्याची इतकी हौस आहे हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं ती फक्त आमच्या घरात आहे.

“मग सरळ कंगवा म्हण की!”

“नाही चालत. शास्त्रात कंकतच म्हणायचं. मी एकदा कंगवा लिहिलं तर माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, हा प्रबंध आहे, न्हाव्याचं दुकान नाही.”

बाबा तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला तारा वाकवत होते. त्यांना यातलं अर्धंमुर्धं ऐकू आलं असावं. त्यांनी काही विचारलं नाही. विचारणं हा त्यांचा स्वभावच नाही. ‘आख्खा जन्म पक्षी उघडतोय, आता मला कोण शिकवणार,’ हे त्यांचं पालुपद. मला वाटलं, पाय ह्यांचे, तर कंकतही ह्यांना माहीत असणारच.

काही दिवसांनी भिंगवाली धापा टाकत वर आली.

“आजोबा! तुमच्या एकाही घुबडाला कंकत नाही! दुसऱ्या गावांतल्या संग्रहालयांत सगळ्यांना आहे, इथल्या एकालाही नाही!”

बाबांनी हातातली तार खाली ठेवली, केसांवरून कंगवा फिरवला, आणि आमच्या घराण्यात कोणाला दमा नाही असं सांगावं तशा आवाजात म्हणाले, “नसणारच. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही घुबडाला कंकत नव्हता.”

पोरगी आनंदाने उडायचीच बाकी होती. तिचं म्हणणं, आपल्या भागात घुबडाचा एक वेगळाच प्रकार आहे, कंकत नसलेला, आणि आजवर कोणाच्या लक्षातच आला नाही. नव्या प्रकाराला नाव द्यायचा मान तिचा. ते नाव ती बाबांचं देणार होती. लॅटिनमध्ये नावाला एक शेपूट लावतात म्हणे, ते लावून. साहेबही खूश. त्यांनी लगेच समारंभ ठरवला, निमंत्रणं धाडली, वर्तमानपत्रवाल्यांना कळवलं. बाजारात तुरी, पण जेवणावळीची तयारी पुरी!

घरात तर विचारूच नका. सासूबाई म्हणाल्या, “इतकी वर्षं मी ह्यांना घुबड म्हणत होते, ते फुकट नाही गेलं!” नणंदेचा फोन आला, “अगं, घुबडाला बाबांचं नाव? अशुभ नाही का?” तर सासूबाई म्हणतात, “लॅटिनमध्ये आहे गं, बाधत नाही.”

आणि बाबा? बाबा आरशासमोर उभे राहून आपलं नाव शेपटीसकट म्हणून बघायचे. आधी हळू, मग जरा मोठ्याने. आंघोळ करताना गुणगुणायचे. एकदा मला म्हणाले, “सूनबाई, पाटी खरवडता येते. घुबडाची जातच्या जात कोण खरवडणार?” खरं सांगते, मला तिथल्या तिथे रडू आलं. चहात साखर जास्त पडल्याचं निमित्त काढून मी आत गेले.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा केस कापायला गेले आणि नेमकं तेव्हाच एक ट्रकवाला बुटाचा खोका घेऊन आला. गोदामाच्या खिडकीवर आपटून मेलेलं गव्हाणी घुबड, अजून ताजं. बाबा यायला वेळ होता आणि पाय तर वाळू द्यायचे नाहीत. म्हणून जन्मात पहिल्यांदा मी घुबडाचे पाय हातात घेतले. ओल्या फडक्याने पुसले, बोटं एकेक करून मोकळी केली. मधल्या नखाच्या कडेवरून अंगठा फिरवला तर खरखर लागली.

खिडकीपाशी नेऊन पाहिलं. दाते! बारीक, एकसारखे, तान्ह्या बाळाच्या कंगव्याला असतात तसे. दुसरा पाय पाहिला. तिथेही.

घुबड इथलंच, आणि कंगवा तर ढळढळीत आहे. उद्या ती पोरगी चारचौघांत उभी राहून सांगणार की इथल्या घुबडांना नसतोच. मी तशीच जिना उतरले. भिंगवाली भाषणाचे कागद छापून आणायला गेली होती. आली की आधी वर पाठवा, असा पहारेकऱ्याकडे निरोप ठेवला, डोकं जागेवर यावं म्हणून चहा घेतला, आणि कप घेऊनच वर आले.

बघते तर बाबा परतलेले. केस झकास कापलेले, मानेला पावडर, मांडीवर घुबड, आणि हातात बारीक कानस. खस्, खस्, खस्.

“बाबा! काय करताय?”

“दिसत नाही? नख घासतोय. कडा बघ कशी कुरतडल्यासारखी झालीय.”

“कोणी कुरतडली?”

“मला काय माहीत? कुठेही बसतात, विटांवर, पत्र्यांवर. खराब होतात नखं. सगळ्या घुबडांची अशीच येतात. तशीच ठेवायची का? संग्रहालय आहे हे, उकिरडा नाही.”

“सगळ्यांची येतात?”

“सगळ्यांची. आणि नेमकं मधलंच नख. अजागळ जात!”

चहा माझ्या पायावर सांडला. मला राग आला की मी वयबिय बघत नाही, घरी सगळ्यांना माहीत आहे.

“बाबा, कंकत म्हणजे काय, सांगा बघू.”

“आता तू माझी परीक्षा घेणार?”

“घेणार! सांगा!”

ते खिडकीबाहेर बघू लागले. “असतं एक आतलं. पित्ताशयाच्या बाजूला. घुबडाला नसतं.”

“कंगवा, बाबा! कंकत म्हणजे कंगवा! घुबडाच्या मधल्या नखाचे दाते! ती पोरगी इतके महिने भिंग लावून जे शोधतेय, ते तुम्ही जन्मभर कानशीने घासून टाकलंत!”

बाबांनी मांडीकडे पाहिलं. पँटवर करड्या रंगाची चिमूटभर भुकटी पडली होती. ती झटकावी की नको हे त्यांना कळेना.

“कशासाठी असतो त्याला कंगवा?” त्यांनी विचारलं.

“तोंडावरची पिसं विंचरायला.”

“स्वतःची स्वतः?”

“स्वतःची स्वतः.”

“आणि मी त्याला अजागळ म्हणालो,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. जन्मभर ज्यांनी दुनियेला विंचरलं, त्यांना एक आपल्यासारखा टापटिपीचा जीव भेटला होता, आणि त्याचाच कंगवा ह्यांनी काढून घेतला होता.

मी घुबडाकडे पाहिलं. उजवा पाय साफ झाला होता. डाव्याला अजून हात लागला नव्हता. बाबांचंही लक्ष तिथेच होतं आणि कानस अजून हातात होती.

“सूनबाई,” ते अगदी हळू म्हणाले, “एवढं एकच नख आहे. दोन मिनिटांचं काम.”

माझ्या डोळ्यांपुढे पाणकोळ्याची पाटी आली आणि आतून वाटलं, म्हणावं घासा. ट्रकवाला काही परत यायचा नाही, मी काही बोलायची नाही, घुबड तर मेलेलंच आहे. उद्या ह्यांचं नाव शेपटीसकट लागेल आणि ते काढून घ्यायची कोणाची छाती होणार नाही.

“ती हे छापणार?” बाबांनी विचारलं.

“उद्या सांगणार, मग छापणार.”

“आणि मग कुठे कोणी घुबड धरलं, आणि निघाले दाते, तर?”

“तर तिचं हसं होईल.”

“आणि नाव?”

“नाव राहील की तुमचं. हसं तिचं होईल.”

जिन्यावर पावलं वाजली. बाबांनी कानस खणात टाकली आणि खण लावला. मग पुन्हा उघडला, कानस काढली आणि माझ्या हातात दिली. “तुझ्याकडे ठेव. माझा मला भरवसा नाही.”

भिंगवाली आत आली. हातात छापून आणलेले कागद, नवा ड्रेस वाटेतच घेतलेला, त्याची पिशवी. “काकू, बोलावलंत?”

“मी बोलावलं,” बाबा चक्क खोटं बोलले. “ये. बस. बसूनच बघ.” आणि घुबडाचा डावा पाय पुढे केला.

तिने भिंग लावलं. “आजोबा, हा तर कंकत!”

“कंगवा म्हण.”

तिने उजवा पाय पाहिला. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. आणि तिचे डोळे लकाकले. “एका पायाला आहे, एका पायाला नाही! म्हणजे हा तर आणखीनच नवा प्रकार!”

“थांब बाई, याला नाव देऊ नकोस,” बाबा म्हणाले. “सूनबाई, ती कानस दाखव हिला.”

बाबांनी सगळं सांगितलं, पँटवरच्या भुकटीसकट. ती कापसाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली.

“सगळी घुबडं?”

“सगळी.”

“आणि बगळे? त्यांनाही असतो.”

“बगळ्यांची नखंसुद्धा अशीच यायची.”

“रातवे?” तिचा आवाज रडवेला झाला.

“रातव्याचं तर फारच वाईट असायचं,” बाबा म्हणाले. “त्याला मला पॉलिश पेपरही लागायचा.”

पोरगी आधी हसली. हसता हसता रडली, आणि रडता रडता घुबडाच्या पोटात घालायच्या कापसाने नाक पुसलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शेवटी ती म्हणाली, “काकू, छापून झाल्यावर हे कळलं असतं तर मी तोंड कुठे लपवलं असतं?”

मी साहेबांना निरोप धाडला, तर ते वर आले ते लालबुंद होऊनच. “काका, कधीपासून चाललंय हे?”

“नोकरीला लागलो तेव्हापासून.”

“कोणी सांगितलं होतं घासायला?”

“घासू नका, असंही कोणी सांगितलं नव्हतं,” बाबा म्हणाले. निमंत्रणं गेली होती, खुर्च्या आल्या होत्या. साहेब समारंभ रद्द करायला निघाले, तर भिंगवालीने नाक पुसून सांगितलं, “समारंभ होऊ दे. मी विषय बदलते.”

दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली आणि पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत कंगवा म्हणाली. एकदासुद्धा कंकत नाही. पहिल्या रांगेतल्या मार्गदर्शक बाई दर कंगव्याला दात खाल्ल्यासारखं तोंड करत होत्या. तिने घुबडाचे दोन्ही पाय दाखवले, आणि मग बाबा आपणहून उठले. “या पायाचं जे केलं ते निसर्गाने. त्या पायाचं जे केलं ते मी,” एवढंच म्हणाले. लोक खो-खो हसले. मागच्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला, “घरच्यांना सोडलं नाही, घुबडाला काय सोडणार!” तेव्हा कुठे बाबाही हसले.

पण घरी आल्यावर ते हसू टिकलं नाही. गुणगुणणं बंद. आरशासमोर उभे राहायचे ते भांग पाडण्यापुरते. कामावर यायचे, तारा वाकवायचे, आणि पक्षी आला की पाय माझ्याकडे सरकवायचे. “तूच कर. माझा हात शिवशिवतो.” जन्माचा मानी माणूस, आणि माझ्याकडून पाय करवून घेतो, हे माझ्याने बघवेना. मी त्यांच्यावर दोनदा ओरडलेही. उपयोग शून्य.

मग एका सकाळी भिंगवाली नवी पाटी घेऊन आली. घुबडांच्या कपाटासाठी. साहेबांनी वाचली आणि म्हणाले, “पाटीवर कामगाराचं नाव घालायची इथे पद्धत नाही.”

“मग नखं कोणी घासली म्हणून लिहू?” ती म्हणाली. “आपोआप झिजली म्हणू? पुढच्या वेळी माझ्यासारखं आणखी कोणी येईल, घुबडांना कंगवा नाही म्हणून नाचत सुटेल. त्याला कोण आवरणार, तुम्ही?”

साहेबांनी डोकं खाजवलं, पाटी पुन्हा वाचली, आणि लावा म्हणाले.

मी बाबांना धरूनच खाली नेलं. काचेच्या मागे आमची सगळी घुबडं रांगेत उभी होती, आणि सगळ्यात पुढे ते नवं, एका पायाला कंगवा असलेलं. पाटीवर छापलं होतं: ‘गव्हाणी घुबड. मधल्या नखाला कंगवा असतो. येथील इतर घुबडांना तो दिसत नाही, कारण तो घासून काढलेला आहे.’ आणि खाली, घासून काढणाऱ्याचं नाव. पूर्ण नाव. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव. शेपूट नाही. आणि अक्षरं मुंगीएवढी नाहीत, चांगली ठसठशीत.

बाबांनी ती पाटी वाचली. परत वाचली. चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली. मग खिशातून कंगवा काढला, कुठला होता देव जाणे, आणि काचेत बघून भांग नीट केला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “हे कोणाला खरवडू देऊ नकोस हं.”